४६ लाख माणसं की ४६ लाख करार?

आकडेमोड: काल इथे एक तक्ता टाकला गेला. 'तात्पुरते परदेशी कामगार जगभर बेसुमार वाढलेत. अमेरिकेत ३ लाख, सौदीत १ कोटी ३४ लाख, म्हणजे चाळीसपटीहून जास्त!' वाचून डोकं फिरलं. अमेरिकेचा आकडा २०२३ या एका वर्षात दिलेल्या एच-२ए, म्हणजे फक्त शेतीच्या व्हिसांचा. सौदीचा २०२२ च्या जनगणनेतला, तिथे राहणारे झाडून सगळे परके, बायकापोरांसकट. वर्षभरात नळाला किती पाणी आलं आणि टाकीत किती साठलंय, यांचा भागाकार कसला करता?

तक्तेवाला: मग वाढ खोटी का? एच-२ए २००० साली ३० हजारांच्या आसपास होते, २०२३ मध्ये ३ लाखांवर. देश तोच, व्हिसा तोच.

आकडेमोड: ती वाढ खरीच. पण तक्ता २००० पासूनच का? अमेरिकेच्या ब्रासेरो या करारी मजूर योजनेत मेक्सिकोतून एकट्या १९५६ साली सुमारे ४ लाख ४५ हजार मजूर आले. आणि १९४२ ते १९६४ मधले ४६ लाख तुम्ही खाली 'माणसं' म्हणून लिहिलेत, ते करार आहेत. एकच माणूस पुन्हा पुन्हा नव्या करारावर यायचा.

रानवारा: मुळात 'तात्पुरते' म्हणजे काय? माझे वडील २२ वर्षं सौदीत होते. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला की नवा. २२ वर्षं तात्पुरते! आजी गेली तेव्हा पासपोर्ट कंपनीच्या लोखंडी कपाटात, चावी रजेवर गेलेल्या मॅनेजरकडे. तिसऱ्या दिवशी हातात पडला. अंत्यदर्शन नाही ते नाहीच.

तक्तेवाला: वाईट वाटलं. पण पासपोर्ट ठेवून घ्यायला सौदीत कायद्याने बंदी आहे. एका अनुभवावरून सगळं ठरवू नका.

रानवारा: बंदी! वडिलांच्या खोलीत आठजण होते, आठांचेही पासपोर्ट त्याच कपाटात. कायदा मला शिकवू नका.

सडेतोड: मजूर करार वाचून सही करतो. जबरदस्ती कोण करतं?

रानवारा: अरबीतला करार? एजंटचं कर्ज डोक्यावर असताना? तुम्ही कधी केली आहे अशी सही?

आकडेमोड: सडेतोड, हे बोलणं निर्दयी आहे. मालक बदलायची मुभा नसेल तर सहीला काय अर्थ?

तक्तेवाला: मूळ मुद्द्यावर या. जर्मनीत १९५५ ते १९७३ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख परदेशी मजूर आले, १ कोटी १० लाख परतले. म्हणजे बहुतेक तात्पुरतेच होते ना?

रानवारा: आणि राहिलेले ३० लाख? १९७३ च्या नोव्हेंबरात भरती बंद झाली. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, म्हणून त्यांनी बायकामुलं बोलावून घेतली. तक्त्याच्या कुठल्या रकान्यात बसतात ते?

तक्तेवाला: बरं. व्हिसे, करार आणि राहणारी माणसं वेगवेगळ्या रकान्यांत टाकतो, पटींची ओळ काढतो. पण एच-२एची दहापट वाढ तशीच राहील.

आकडेमोड: राहू द्या. तिच्याशेजारी १९५६ पण लिहा.

रानवारा: आणि किती वर्षं राहिले, त्याचाही रकाना करा. वडिलांचे २२ मी देते.