दिवाळीत कोणता पिक्चर पाहिला? खान्देशकरांनो, सांगा

जळगाव
फराळाचे डबे तळाला लागले, पाहुणे आपापल्या गावी गेले. आता सांगा, एवढ्यात काय पाहिलं? टॉकीजमध्ये असो की घरी लोळत, नवा असो की जुना. फक्त स्टोरी सांगत बसू नका, ती कुठेही मिळते. डोक्यात काय राहिलं, कंटाळा कुठे आला, शेजारचा काय बोलला, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. 'दशावतार' पाहिला. दिलीप प्रभावळकर ऐंशीच्या पुढचे, आणि या वयात एकामागून एक सोंगं घेऊन उभे राहतात. बापलेकाचा भाग फार सुरेख जमलाय. सूड सुरू झाला की मात्र पुढचं पुढचं आधीच कळत जातं. दशावतार आपल्याकडे नाही, आपलं वहीगायन आणि तमाशा. तरी रंग लावलेला तो थकलेला चेहरा पाहून मला जत्रेत राहुटीच्या फटीतून पाहिलेली तोंडं आठवली. नाचून आल्यावर घाम पुसायचा तर रंग जातो, म्हणून नुसतं पंख्यासमोर बसलेली.

रावेर
परवा घरी 'छावा' पुन्हा लावला होता. टॉकीजला पाहिला तेव्हा आमचे पैसे सुरुवातीलाच वसूल झाले, कारण पिक्चर उघडतो तोच बऱ्हाणपूरच्या छाप्याने. बऱ्हाणपूर म्हणजे आमचं लग्नाचा बस्ता बांधायचं गाव आणि मावा जिलेबीचं गाव. मुघलांच्या खान्देश सुभ्याचं मुख्य शहर तेच, आणि १६८१ मध्ये संभाजीराजांनी ते लुटलं, हे आम्हाला शाळेत दोन ओळींत उरकलं होतं. भाचा कानाशी लागला, "मामा, हे आपलं बऱ्हाणपूर?" आपलंच रे बाबा, पण ओळखू येत नाही.

माझं मत विचाराल तर विकी कौशलने जीव ओतलाय, पण ओरडणं फार आहे. अक्षय खन्नाचा औरंगजेब हळू बोलतो आणि तोच घरी येईपर्यंत सोबत राहतो. रहमानचं संगीत मला त्या मातीतलं वाटलं नाही. शेवटचा छळाचा भाग सुरू झाला तशी भाच्याला घेऊन बाहेर आलो, तर पोरं कडेवर घेतलेले दोन-तीन बाप आधीच बाहेर उभे.

आणि खरा पिक्चर तर नंतर झाला. मार्च २०२५ मध्ये, पिक्चर पाहून, बऱ्हाणपूरच्या असीरगड किल्ल्याजवळच्या शेतात लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन उकरायला लागले. मुघलांचं सोनं पुरलंय म्हणे! ज्याचं शेत उकरलं त्याच्यावर कोणी पिक्चर काढला तर पहिल्या दिवशीचं तिकीट माझं.

जळगाव, दुसरा
मे महिन्यात पंचेचाळीस अंशात दुपारचा शो पाहिला. कोणता ते विचारू नका. एसी चांगला होता.

भुसावळ
आमच्याकडे 'लापता लेडीज'. खरं तर सगळ्यांनी कधीच पाहिलाय, पण आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाहिला नव्हता. आबा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर. त्यांना नवऱ्या कोण, कोणाची बदलली, याच्याशी घेणं नाही. डब्यात घुंगटवाल्या दोघी शेजारी आणि नवरदेव अंधारात घाईघाईने भलतीला उतरवतो, तिथे आम्ही हसतोय आणि आबा गंभीर. "हॉल्ट कमी असला का असंच होतं." मग पिक्चर थांबवून त्यांनी स्वतःच्या ड्युटीतला किस्सा सांगितला. एक वऱ्हाड गाडीत चढलं, रुखवताची सगळी खोकी मोजून घेतली आणि आजी राहिली फलाटावर. कंट्रोलला कळवलं, मागच्या गाडीने आजी आली. आजी शांत होती, वऱ्हाडच रडत होतं!

मला स्वतःला स्टेशनचा भाग सगळ्यात आवडला. छाया कदमची मंजूमाई स्टॉल चालवते, नवऱ्याला आणि पोराला घराबाहेर काढून एकटी राहते, आणि त्याचं भाषण करत नाही. फूलने केलेला कलाकंद ती तोंडात टाकते तेव्हाचा चेहरा बघा. आबांचं म्हणणं, असा स्टॉल त्यांच्या वेळी होता, फक्त चहा एवढा चांगला नसायचा.

धुळे
रावेरचे भाऊ, तुमचं बऱ्हाणपूर तसं आमचं मालेगाव. जिल्हा नाशिक असला तरी आम्हाला तासाभरावर. 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' घरी पाहिला. चांगला आहे, शेवटी डोळे ओले होतात. पण सगळं जरा धुऊन-पुसून मांडल्यासारखं वाटलं. त्या गल्ल्यांत यंत्रमाग चालू असले की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, पिक्चरमधली माणसं मात्र निवांत गप्पा मारतात.

त्यापेक्षा २००८ ची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी शोधून बघाच. त्यात गावातच पिक्चर काढणारा नासिर शेख खरा आणि त्याचा हिरो शफीक शेखही खरा. यंत्रमागावर काम करणारा हडकुळा माणूस सुपरमॅनचा ड्रेस घालून उडतो. पुढे तो कॅन्सरने गेला, हे माहीत असून पाहिलं की हसता हसता गप्प व्हायला होतं. आमची आजी मध्येच आली. "हाई काय दखी राह्यनात रे?" मग तीही बसली. तो उडायला लागला तशी म्हणते, "पडी जाई ना तो!"

चाळीसगाव
टीव्हीवर 'बाईपण भारी देवा'. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही बहिणी माहेरी जमलो तेव्हा लागला होता. सहा बहिणींची भांडणं अगदी घरातली. मंगळागौरीचे खेळ आमच्याकडे नाहीत, आमचं गौराई आणि झोका. मोठ्या बहिणीने पूर्ण वेळ आमरसासाठी आंबे पिळत पाहिला आणि शेवटी एवढंच म्हणाली, "यांना रोजचा सैपाक कोण करून देत होतं?"

शिरपूर
'मंथन' पुन्हा पाहिला, १९७६ चा. दुरुस्त केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली होती. स्मिता पाटीलचं घर मूळचं शिरपूरचं, त्यामुळे इथे जुनी माणसं आजही तिच्याबद्दल भाचीबद्दल बोलावं तशी बोलतात. तिची बिंदू रागावते तेव्हा मान जराशी वळवते, बस्स. शब्द नंतर.

गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा काढला, हे बहुतेकांना माहीत असतं. मी पाहतो ते वेगळ्या कारणाने. मी रोज डेअरीला दूध घालतो. गिरीश कर्नाडचा डॉक्टर राव दुधाचा नमुना तपासतो, तिथे माझ्या घरातले सगळे सरसावून बसतात. आमचा अख्खा महिना "आज फॅट किती लागली?" यावर चालतो. म्हशीच्या दुधाला सहाच्या खाली लागली की भाव पडतो, आणि त्याच म्हशीचं दूध संध्याकाळी दुसऱ्या डेअरीवर नेलं की वर लागतं. अमरीश पुरीचा मिश्राजी पाहून बायको म्हणाली, "याला ओळखते मी." नाव मात्र घेऊ नको म्हटलं, उद्या दूध तिथेच घालायचंय.

धडगाव
मी आश्रमशाळेत शिक्षक. टॉकीजसाठी घाट उतरायला लागतो. 'सितारे जमीन पर' यूट्यूबवर शंभर रुपयांत आला तेव्हा वर्गणी काढून एका लॅपटॉपवर सगळ्या स्टाफने पाहिला. रेंज गेली की गोल फिरत राहायचं, तोवर आम्ही पुढे काय होईल यावर पैजा लावायचो. आमिर खान जरा जास्त शिकवतो. पण टीममधली ती बौद्धिक दिव्यांग मुलं, ती खरोखर तशीच आहेत, अभिनय करून तशी झालेली नाहीत, आणि ती पडद्यावर असताना कोणी मोबाइल काढला नाही. आमच्या खेळाच्या सरांना विचारलं, कसा वाटला. ते म्हणाले, बास्केटबॉलचं मैदान बरं होतं.

जळगाव
शिरपूरचे दादा, फॅटवाला मुद्दा घरी वाचून दाखवला, आमचे वडील अजून हसताहेत.

'साबर बोंडं' कोणी पाहिला का? २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं बक्षीस मिळालेला मराठी पिक्चर, त्याच सप्टेंबरात लागला आणि मला कळेपर्यंत निघूनही गेला. नाशिकला किंवा पुण्याला जाऊन कोणी पाहिला असेल तर लिहा. घरच्यांबरोबर पाहिला की एकट्याने, तेही सांगा.