२९ थ्री मारून हरलेला अंतिम सामना: दोष आकड्यांचा की आकडे लावणाऱ्याचा?

टिळकवाडीचा जुना गार्ड (प्रश्न)

गेल्या रविवारी आमच्या महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना ५१–५४ असा हरला. बेळगावात बास्केटबॉल पाहायला नेमाने येणारे आम्ही जे पन्नास-साठ जण आहोत, त्यांना हार नवी नाही; पण ज्या पद्धतीने हरलो ती चार दिवस झाले तरी घशाखाली उतरत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी स्वतः या संघाकडून तीन वर्षे खेळलो आहे, तेव्हा माझ्या लिहिण्यात थोडा पक्षपात असणार, तो गृहीत धरावा.

दोन वर्षांपूर्वी आलेले आमचे प्रशिक्षक अभ्यासू आहेत, याबद्दल वाद नाही. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे सामने पाहून ते टिपणे काढतात, प्रत्येक सरावाची नोंद टॅबवर ठेवतात, आणि रिंगखालून शॉट मिळत नसेल तर थ्रीच, म्हणजे लांबच्या रेघेबाहेरून तीन गुणांचा शॉट, मारायचा, मधल्या अंतरावरून मारायचाच नाही, असा त्यांचा दंडक आहे. स्कोअरशीटवर हुकलेल्या शॉटची नोंद नसते, म्हणून मित्राने मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण दोनदा पाहून मी स्वतः मोजले. आपण २९ थ्री मारले, त्यांतले ६ गेले. दोन गुणांचे शॉट २४ मारले, त्यांतले १३ गेले. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे एकेक गुणाचे मोकळे शॉट, १२ पैकी ७. सिमेंटचे उघडे कोर्ट आणि दुपारी चारनंतरचा पश्चिमेचा वारा. कोपऱ्यातून सुटलेला बॉल रिंगपर्यंत पोहोचेतो वीतभर सरकलेला डोळ्यांना दिसत होता. तरी तिसऱ्या क्वार्टरमधल्या टाइमआउटमध्ये सरांनी टॅब पुढे धरला आणि सांगितले, की सरावात आपली थ्रीची टक्केवारी ३८ आहे, मारत राहा, आज ना उद्या सरासरीवर येईल. टाइमआउट एका मिनिटाचा. त्यात सर मराठी-इंग्रजीत बोलणार, आणि आमचा कर्णधार ते बैलहोंगलकडच्या उंच पोराला कन्नडमध्ये समजावणार. टक्केवारीचे भाषांतर होते न होते तोच शिट्टी.

त्या उंच पोराचे वेगळे सांगायला हवे. पहिल्या क्वार्टरमध्ये आठ गुण त्याचे एकट्याचे होते. दुसऱ्या क्वार्टरच्या दुसऱ्याच मिनिटाला त्याला दुसरा फाउल लागला, सरांनी त्याला बाकावर बसवले, आणि तो मध्यंतरापर्यंत तसाच टॉवेल मानेवर टाकून बसून राहिला. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर तीनच फाउल होते; बाद व्हायला पाच लागतात.

शेवटची आठ सेकंदे उरली असताना आपण ५०–५३ असे मागे होतो. बरोबरीसाठी थ्रीच हवा होता, आणि नेमका त्या वेळी समोरच्या संघाने आपल्या गार्डला मैदानाच्या मध्यावरच मुद्दाम फाउल केला. त्यांचे टीम फाउल, म्हणजे संघाचे मिळून मोजले जाणारे फाउल, मर्यादेपर्यंत भरलेले असल्यामुळे दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला गेला, दुसरा रिंगच्या पुढच्या कडेला लागून त्यांच्या हातात पडला. पुढे आपण फाउल केला, त्यांनी एक टाकला आणि सामना संपला. ‘घाबरट, घाबरट’ म्हणून आमच्या बाजूने ओरडा झाला, त्यात मीही होतो. त्यांच्या बाकावर टॅब नव्हता. पांढरी पाटी आणि स्केचपेन होते.

मला जाणकारांना दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. हे जे आमच्याकडे चालले आहे त्याला खरेच अॅनालिटिक्स, म्हणजे आकडेवारीवरून खेळाचे निर्णय घेणे, म्हणायचे का? आणि जिथून हे आले त्या अमेरिकेत प्रेक्षक आपल्या प्रशिक्षकावर असेच वैतागतात, की तिथे सगळे सुरळीत चालते?

शहापूरचा सेंटर

जुन्या गार्डांशी मी शंभर टक्के सहमत आहे. आम्ही खेळत होतो तेव्हा सरांचे एकच वाक्य असे, ‘बॉल आत द्या’, आणि त्याला भाषांतर लागत नसे. ज्या स्पर्धेत शॉट क्लॉकचा, म्हणजे शॉट मारायला उरलेला वेळ दाखवणारा, फलक नाही, टेबलावरचा माणूस हातातल्या घड्याळावर चोवीस सेकंद मोजतो आणि त्याला चहा आला की ती सव्वीस होतात, तिथे टक्केवारीचा एवढा काथ्याकूट कशासाठी, हे मला कळत नाही. प्रशिक्षकाला समोर वारा दिसत नसेल, तर टॅबवर काय दिसणार?

पोट पुण्यात, मन वडगावात

मी वडगावचा, नोकरीमुळे पुण्यात असतो आणि मार्च महिन्यात पहाटे पाचला उठून अमेरिकन कॉलेजचे सामने पाहतो, हे घरच्यांच्या दृष्टीने माझे एकमेव व्यसन आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे: तिथे प्रेक्षक आपल्यापेक्षा जास्त वैतागतात. ६८ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा असते, एक सामना हरला की हंगाम संपला, त्यामुळे प्रत्येक टाइमआउटचा हिशेब वर्षानुवर्षे मागितला जातो.

२००८ सालचा अंतिम सामना हे त्याचे ठळक उदाहरण. मेम्फिसचा संघ कॅन्ससच्या विरुद्ध दोन मिनिटे बारा सेकंद उरली असताना ६०–५१ असा नऊ गुणांनी पुढे होता. फ्री थ्रो ही त्या संघाची हंगामभराची दुखरी बाजू, आणि शेवटच्या मिनिटाला तेच चुकत गेले. तरीही तीन गुणांची आघाडी हातात होती. मेम्फिसला थ्री सुटण्याआधी फाउल करता आला नाही, आणि २.१ सेकंद उरली असताना मारियो चाल्मर्सने थ्री टाकून ६३–६३ अशी बरोबरी केली. जादा वेळेत कॅन्ससने सामना ७५–६८ असा जिंकला. फाउल करायचाच होता, असे प्रशिक्षक जॉन कॅलिपरी यांनी नंतर सांगितले, पण त्यावरची भांडणे आजही संपलेली नाहीत. तेव्हा जुने गार्ड, रविवारी ज्याला आपण घाबरटपणा म्हणालात, तो समोरच्या प्रशिक्षकांनी पाटी आणि स्केचपेन घेऊन केलेला हिशेबच होता: तीन गुणांनी पुढे असताना प्रतिस्पर्ध्याला थ्री मारू द्यायचा नाही, दोन फ्री थ्रो देऊन एका गुणाने तरी पुढे राहायचे. दुसरा थ्रो मुद्दाम चुकवून रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला बॉल, घेतला जाण्याचा धोका त्यात असतो, म्हणून सगळेच प्रशिक्षक तसे करत नाहीत; पण ती पळवाट नव्हे.

आता पहिला प्रश्न. आकडेमोड ही काही टॅबबरोबर जन्माला आलेली गोष्ट नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे डीन स्मिथ १९६१ ते १९९७ या काळात प्रमुख प्रशिक्षक होते, आणि सामन्यात किती गुण झाले यापेक्षा बॉल ताब्यात आल्यावर दर खेपेला किती गुण झाले, हे ते कागदावर मोजत असत. पुढे बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी शॉटची अचूकता, बॉल गमावणे, रिबाउंड आणि फ्री थ्रो असे चार घटक मांडले. केन पोमरॉय यांच्या संकेतस्थळावर आज प्रत्येक कॉलेज संघाचे दर शंभर खेपांमागचे गुण प्रतिस्पर्ध्याची ताकद लक्षात घेऊन दिलेले असतात. थ्रीचा मूळ हिशेब तर शाळेतला आहे: तीनपैकी एक थ्री जाणे आणि दोनपैकी एक साधा शॉट जाणे, दोन्हींची किंमत दर शॉटला एक गुण.

तुमच्याच आकड्यांवर तो लावून पाहू. २४ शॉटमध्ये २६ गुण, म्हणजे साध्या शॉटला सुमारे १.०८ गुण. थ्रीने त्याची बरोबरी करायची तर ३६ टक्के गेले पाहिजेत. सरांकडे ३८ होते, म्हणजे दर शॉटला १.१४. कागदावर सर बरोबर होते, हे कबूल करायला हवे. पण ३८ टक्के खरे असतील तर २९ पैकी साधारण ११ थ्री जायला हवेत. ६ किंवा त्याहून कमी जाण्याची शक्यता शंभरात चारेक. असे होऊच शकत नाही असे नाही, मात्र मी सरांच्या जागी असतो तर त्या टाइमआउटमध्ये ‘सरासरीवर येईल’ असे म्हणण्याऐवजी ‘हे ३८ कुठून आले’ असे स्वतःला विचारले असते. सरावात समोर हात वर करून कोणी उभे होते का? पाय दमलेले असताना मोजले का? वारा होता का? रिकाम्या कोर्टावर, सकाळी सहाला, पास देणारा मित्रच असताना काढलेली टक्केवारी ही सरावाची टक्केवारी आहे. ती अंतिम सामन्याला लावणे हा आकड्यांचा दोष नव्हे.

आणि शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बैलहोंगलच्या पोराला दोन फाउलनंतर बसवणे हे अॅनालिटिक्स नाहीच. तो जुना रिवाज आहे. अमेरिकन कॉलेजांतही पाच फाउलला खेळाडू बाद होतो, तिथेही पहिल्या अर्ध्यात दोन फाउल झाले की त्याला आपोआप बाकावर बसवणारे प्रशिक्षक आहेत, आणि आकडेवाले त्यांच्यावरच टीका करतात. असा खेळाडू किती मिनिटे खेळवला जातो याची पोमरॉय यांच्याकडे तर वेगळी नोंद असते. पोरगा पुढे बाद होईल आणि त्याची मिनिटे जातील या भीतीने सरांनी ती मिनिटे आपणच काढून घेतली, आठेक मिनिटे. तीन फाउलवर सामना संपला, म्हणजे उरलेले दोन फाउल तसेच घरी नेले. सरांनी टॅबचे ऐकले असते, तर तो खेळला असता.

शहापूरचा सेंटर

वडगावकर, फाउलचा मुद्दा मान्य. आमचे सरही तसेच बसवत असत आणि आम्ही त्याला शहाणपण समजत होतो. वाऱ्याचे मात्र मी मागे घेणार नाही.

निवृत्त क्रीडाशिक्षक, खानापूर

आपण सर्वांनी चर्चा चांगली केली, पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. मी १९८२ साली नोकरीला लागलो तेव्हा आपल्याकडे थ्रीची रेघच नव्हती. आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे फिबाने, ती १९८४ मध्ये ६.२५ मीटरवर आणली, आणि २०१० मध्ये ६.७५ मीटरवर मागे नेली. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या पुरुष संघांनी हेच अंतर २०१९-२० च्या हंगामापासून स्वीकारले, आणि पहिल्याच हंगामात त्यांची टक्केवारी घसरली. ती पोरे तर लाकडी जमिनीवर, छताखाली खेळणारी.

वडगावकरांनी ‘हे ३८ कुठून आले’ असे विचारले, ते वाचून मला राहवले नाही. काल कामानिमित्त बेळगावला आलो होतो, तेव्हा भाच्याला बरोबर घेऊन संध्याकाळी तुमच्या सरावाच्या कोर्टावर गेलो. रिंगच्या मध्यातून गवंड्याचा ओळंबा खाली सोडला, जिथे टेकला तिथे खडूने फुली केली आणि तिथून समोरच्या रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप धरला. सहा मीटर पंचवीस. दोनदा धरला, भाच्याकडूनही वाचून घेतला. रेघेवर रंगाचे तीन-चार थर दिसतात, म्हणजे दर वेळी रंगाऱ्याने जुन्याच रेघेवरून ब्रश फिरवला आहे. अंतिम सामना ज्या कोर्टावर झाला तिथली रेघ नवी आहे, ६.७५ ची; ती मी मागच्याच वर्षी पंच म्हणून मोजलेली आहे.

अर्धा मीटर म्हणजे काय, ते ज्याने थ्री मारला आहे त्याला सांगायला नको. पोरगा रेघेकडे पाहून उभा राहतो, रिंगकडे पाहून नव्हे. पायाला सवय रेघेची असते. नवीन रेघेमागून तोच हात, तीच उडी मारली की बॉल पुढच्या कडेला लागतो. चित्रीकरण आपल्याजवळ आहे, तर हुकलेले थ्री पुढच्या कडेला किती लागले आणि बाजूला किती गेले, हे जुन्या गार्डांनी एकदा मोजावे. वाऱ्याचा वाटा किती आणि रेघेचा किती, हे त्यावरून कळेल.

प्रशिक्षकांविषयी एवढेच सांगतो, की पोरे बसने येणार, तासभर सराव करून शेवटची बस पकडणार, अशा स्थितीत नोंदी ठेवणारा माणूस मिळाला आहे, त्याला ‘टॅबवाला’ म्हणून हिणवू नका. मी आयुष्यभर वहीत पेन्सिलीने तेच केले. फक्त शेजारच्या रकान्यात कोर्ट कोणते, तेही लिहीत असे.

टिळकवाडीचा जुना गार्ड

सर, आपल्या सांगण्यावरून तिसऱ्यांदा चित्रीकरण पाहिले. हुकलेल्या २३ पैकी १४ रिंगच्या पुढच्या कडेला लागलेले किंवा रिंगला न पोहोचलेले आहेत. बाजूला गेलेले ६, बाकीचे ३ लांब. शहापूरच्या सेंटरनी ते सहा वाऱ्याच्या खात्यात घालावेत.

आज सकाळी सरावाला जाऊन आमच्या प्रशिक्षकांना भेटलो. तक्रार करायला गेलो नव्हतो, टेप घेऊन गेलो होतो. त्यांनी स्वतः मोजले, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग टॅब उघडून ३८ च्या शेजारी ६.२५ असे लिहिले. फाउलचे विचारले तेव्हा म्हणाले, “आमचे सर असेच बसवायचे.” वडगावकरांचा मुद्दा मी त्यांना वाचून दाखवला आहे, पटला की नाही, ते चेहऱ्यावरून कळले नाही. घाबरट म्हणून ओरडलो ते मात्र मी मागे घेतो.

येत्या शनिवारी सकाळी सातला नवी रेघ मारायची ठरली आहे. रंगाचे डबे आम्ही माजी खेळाडू आणतो. जुनी रेघ घासून काढायची आहे, नाहीतर पोरांचे पाय तिथेच जाऊन थांबतील. खानापूरच्या सरांना विनंती, की ओळंबा घेऊन यावे, आमच्याकडे नाही.