स्टीमपंक शिल्पात देव कुठून आला?
कुणीतरी विचारलंय की स्टीमपंक शिल्पात, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काळातल्या थाटाच्या कल्पित यंत्रकलेत, देवाधर्माचा काय संबंध, पितळी गियर चिकटवले की झालं. अहो संबंध फार जुना आहे! अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक यंत्रतज्ज्ञाने पहिल्या शतकात देवळासाठी पाण्याचं यंत्र लिहून ठेवलंय, नाणं टाकलं की आतल्या तबकडीवर पडतं, तरफ कलते, झडप उघडते, हात धुण्यापुरतं पाणी येतं आणि नाणं घसरलं की बंद. मी तेच धरून छोटा देव्हारा करतोय, मूर्तीच्या जागी फक्त ती तरफ आणि झडप, उघडी, सगळ्यांना दिसेल अशी. जुन्या बाजारातून बंद गजराच्या घड्याळांची चाकं आणली, रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून चिंचेने घासली तेव्हा कुठे पितळ दिसलं. मागे प्रभावळ म्हणून एकच मोठं चाक, २२३ दात्यांचं, कारण २२३ चांद्रमासांनी ग्रहणं जवळपास त्याच क्रमाने परत येतात आणि १९०१ साली समुद्रातून निघालेल्या अँटिकिथेरा यंत्रातही, म्हणजे ग्रहणं वगैरे सांगणाऱ्या प्राचीन ग्रीक यंत्रातही, तेवढ्याच दात्यांचं चाक आहे. दाते हाताने कानशीने पाडतोय, १४० झालेत. तुम्हीही चाकं नुसती चिकटवू नका प्लीज, एक तरी खरंच फिरू दे.