‘टॅव्हर्न’ म्हणजे दारूचा गुत्ता का?

प्रश्न : १७९०च्या दशकातल्या लंडनविषयीच्या मजकुरात ‘टॅव्हर्न’, ‘एलहाउस’, ‘पब्लिक हाउस’ असे तीन शब्द येतात. तिन्हींना ‘गुत्ता’ चालेल का? आणि तिथे जमणाऱ्या ‘रॅडिकल’ मंडळींना ‘जहाल’ म्हणावे का?

उत्तर : दोन्ही नकोत. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. दारूविक्रीचा मक्ता घेतलेले दुकान तो दारूचा गुत्ता. त्यात सभा भरली असे लिहिले की वाचक अडखळणारच. टॅव्हर्नमध्ये वाइन आणि जेवण, एलहाउसमध्ये बिअर, मुक्कामाची सोय हवी तर इन. ‘पब्लिक हाउस’ हा या सगळ्यांना पोटात घेणारा नंतरचा शब्द. टॅव्हर्नला ‘पानगृह’ म्हणा, नाहीतर शब्द तसाच ठेवा.

सभेसाठी खरी महत्त्वाची असे ती आतली किंवा माडीवरची खोली. जमलेले लोक खातपीत, त्यातच मालकाची कमाई होई. जानेवारी १७९२ मध्ये टॉमस हार्डी या चांभाराने लंडनच्या स्ट्रँड रस्त्याजवळच्या ‘बेल’ टॅव्हर्नमध्ये लंडन करिस्पाँडिंग सोसायटी ही रॅडिकल संघटना सुरू केली, ती ब्रेड, चीज आणि पोर्टर बिअरच्या जेवणानंतर. वर्गणी आठवड्याला एक पेनी, म्हणून कारागिरांना परवडली. (इथे ‘करिस्पाँडिंग’चे ‘समरूप’ करू नका, इतर शहरांतल्या मंडळांशी पत्रव्यवहार करणारी, एवढाच अर्थ.)

पण विक्रीचा परवाना मॅजिस्ट्रेट देत आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण लागे. सभासदांना हात न लावता मालकाला परवान्याची धमकी दिली की खोली बंद. तेव्हा सभा खासगी घरांत हलवाव्या लागत.

‘जहाल’ने आपल्याला १९०७ची सुरत काँग्रेस आठवते, तो शब्द मार्गाची तीव्रता सांगतो. रॅडिकलच्या मुळाशी ‘मूळ’ याच अर्थाचा लॅटिन शब्द आहे. सर्व प्रौढ पुरुषांना मत आणि दरवर्षी नवी संसद, ही या सोसायटीची मागणी मुळालाच हात घालणारी. साधने मात्र अर्ज, पत्रे, पत्रके. म्हणून ‘मूलगामी’.

आणखी एक : ‘मूलगामी’ पटले, पण टॅव्हर्न म्हणजे बंडखोरांचा अड्डा असा सूर भाषांतरात नको. स्ट्रँडवरच्या ‘क्राउन अँड अँकर’ टॅव्हर्नमध्येच नोव्हेंबर १७९२ मध्ये जॉन रीव्ह्जची राजनिष्ठ संघटना उभी राहिली. तिथेच जानेवारी १७९८ मध्ये विरोधी पक्षाचा नेता चार्ल्स जेम्स फॉक्स याच्या वाढदिवसाच्या मेजवानीत नॉरफकच्या ड्यूकने जनतेलाच सार्वभौम मानून टोस्ट दिला आणि लॉर्ड लेफ्टनंटचे, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या प्रतिनिधीचे, पद गमावले. त्यामुळे ‘टोस्ट’ला नुसते ‘शुभेच्छा’ लावू नका; ‘अमुकाच्या नावे पेला’ म्हणा, म्हणजे नाव कोणाचे घेतले याला वजन राहते.