फायबर घेतलंय, माडीवर वायफाय पोचत नाही, काय घेऊ? (सांगली)

गावभागकर: नमस्कार मंडळी, गावभागात आमचं जुनं दोनमजली घर आहे, भिंती दीड फुटी. फायबरचा २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, कंपनीनं दिलेला ओएनटीचा डबा (फायबरमधला उजेड घेऊन नेट देणारा) खाली सोप्यात लावलाय, वायफाय त्यातच आहे. सोप्यात स्पीड झकास, पण माडीवर लेकीच्या क्लासला एकच दांडी, सारखं गोल फिरत बसतंय. दुकानदार म्हणतो एक्सटेंडर घ्या, मेव्हणा म्हणतो मेश (एकमेकांना जोडलेले दोन-तीन वायफाय डबे) घे, आणि मेशचा आकडा ऐकून आमची बायको म्हणते मोबाईल डेटाच बरा. बजेट चार-पाच हजार.

मिरजेचा_वायरवाला: एक्सटेंडर नको राव. त्याला मिळालेला सिग्नलच तो पुढं ढकलणार, आणि बरेचसे स्वस्तातले एकाच रेडिओवर घेतात नि सोडतात म्हणून स्पीड निम्मा. तुमच्या भिंतीत वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथंच मरतोय, २.४ चा पलीकडं जातो पण संथ, वर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी. सरळ कॅट ६ केबल (नेटची तांब्याची वायर) ओएनटीपासनं माडीवर ओढा आणि वर साधा वायफाय ६ राऊटर अॅक्सेस पॉइंट मोडवर लावा (म्हणजे तो नुसतं वायफाय पसरवतो, नेट खालच्या डब्याचंच), नाव पासवर्ड खालचाच ठेवा. राऊटरच्या खोक्यावर केबलच्या पोर्टचा वेग १०/१००/१००० (एमबीपीएस) लिहिलाय का तेवढं बघा, नुसतं १०/१०० असलं तर २०० चा प्लॅन घेऊनही केबलमधनं ९५ च्या आसपासच मिळणार. अँटेना चार का सहा हे बघत बसू नका, नुसत्या आकड्यावरनं काही कळत नाही.

गावभागकर: केबल कुठली पण चालते का? आणि ओएनटी स्वतःचा चांगला घेतला तर?

मिरजेचा_वायरवाला: शुद्ध तांब्याचीच घ्या, सीसीए म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, स्वस्त मिळते पण नको. १०० मीटरपर्यंत गिगाबिटला अडचण नाही. ओएनटी बदलायच्या नादी लागू नका, त्याचा सिरीयल नंबर कंपनीच्या बाजूला नोंदवावा लागतो, त्यांनी नाही म्हटलं तर डबा शोभेला.

कृष्णाकाठ: गावभाग म्हणताय आणि डबा खाली सोप्यात? २०१९ चा पूर विसरलात होय! मी म्हणतो ओएनटीच माडीवर न्या, कंपनीच्या माणसाकडनं फायबर वरपर्यंत ओढून घ्या आणि कॅट ६ खाली सोडून दुसरा राऊटर सोप्यात लावा, काम तेच होतंय. फायबर कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नका, उजेड गळतो आणि एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो. ओएनटीत जाणारं टोक बहुतेक हिरवं असतं, त्याला निळं जोडलं तर सिग्नल पडतो. इन्व्हर्टर असला तरी लाईट गेली-आली की डबा रीस्टार्ट होऊ शकतो, छोटा डीसी यूपीएस (डब्याला थेट जोडायची बॅटरी) लावा, फक्त अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या.

गावभागकर: हे बेस! पुराचं डोक्यातच नव्हतं. मग केबल घराच्या बाहेरनं सोडू का, आतनं भिंत फोडायला बायको तयार नाही.

मिरजेचा_वायरवाला: सोडा की, पण आऊटडोअर केबल घ्या, नाहीतर उन्हानं साल तडकते. लाईटच्या वायरीच्या पाईपातनं नेऊ नका, वेगळा पीव्हीसी पाईप टाका. टोकाला कनेक्टर न लावलेली केबल आणा म्हणजे भोक बारीक पाडलं तरी भागतं, आणि भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी केबलीवरनं थेट घरात.