पुणे सोडून सोलापुरात राहायला यावं का? आधी पाण्याचं बोला

(सोलापूरच्या चार भागांत राहणाऱ्या चौघांची ही चर्चा; प्रत्येकाच्या नावाऐवजी त्याच्या भागाचं नाव दिलं आहे.)

मुरारजी पेठ:
घरबसल्या काम करता येतं किंवा निवृत्ती झाली आहे, अशा कुटुंबानं पुणे सोडून खुशाल सोलापुरात यावं, हे माझं ठाम मत आहे. भाडं पुण्याच्या मानानं बरंच कमी. सात रस्ता चौकातून स्टेशन, नवी पेठ, सिव्हिल हॉस्पिटल, सगळं हाकेच्या अंतरावर. पुण्यात काम निघालं तर सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जावं आणि रात्री घरी यावं. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारतही आहे. भाषेचं म्हणाल तर पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड कानावर पडते, पण मराठीवाचून कुणाचं अडत नाही आणि मराठीमुळेही कुणाचं अडत नाही. नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं, हे मान्य. पण ५,००० लिटरचा हौद असला की तो प्रश्न मिटला.

जुळे सोलापूर:
मिटत नाही, आणि नव्या माणसाला असं सांगून फसवू नका. हौद केवढा, हा अर्धाच प्रश्न. तो भरतो का, हा उरलेला अर्धा.

हिशेब मांडतो. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर चौघांना पाच दिवसांचे २,७०० लिटर लागतात. आता नळाखाली १५ लिटरची बादली लावा. भरायला दीड मिनिट लागलं तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे दोन तास पाणी आलं तरी १,२०० लिटर. तुमचा ५,००० चा हौद तळाशीच राहणार. २,७०० लिटर दोन तासांत हवे असतील तर तीच बादली ४० सेकंदांत भरली पाहिजे. लाइनच्या शेवटच्या आणि चढावरच्या घरांना एवढा दाब मिळत नाही.

मग लोक नळाला थेट मोटर लावतात. ते बेकायदा तर आहेच, पण घातकही आहे. मोटर ओढायला लागली की पाइपात पोकळी होते आणि जिथे गळती असेल तिथून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. सुरुवातीला येणारं गढूळ, वास मारणारं पाणी बऱ्याचदा त्यातलंच असतं. ते हौदात सोडूच नये. पहिली पाच-दहा मिनिटं बाहेर जाऊ द्यावं.

फ्लॅट घेणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून बघावं. सहा फ्लॅटना मिळून १०,००० लिटरचा हौद म्हणजे घरटी १,६६६ लिटर. चौघांचे तीन दिवस. उरलेल्या दोन दिवसांचा टँकर कोण मागवणार आणि पैसे कसे वाटणार, यावरून वाद होतात.

होटगी रोड:
पाण्यापेक्षा नोकरीचं बघा. इथलं काम म्हणजे यंत्रमाग, चादर-टॉवेल, गारमेंट, विडी, साखर कारखाने, दवाखाने, कॉलेजं. नवराबायको दोघं कमावत असतील आणि एकाची नोकरी इथे जमणारी नसेल, तर भाड्यात वाचलं ते पगारात गेलं. निवृत्तांसाठी ठीक, तिशीतल्या जोडप्याला मी सरसकट ‘या’ म्हणणार नाही.

पूर्व भाग:
पाण्याच्या हिशेबात एक गोष्ट राहिली: कूलर. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे पाऊस सुरू होईपर्यंत कूलर इथे उत्तम चालतो. पण मोठा कूलर दिवसाला ४०-५० लिटर सहज पितो, पाच दिवसांचे अडीचशे लिटर झाले. त्यात बोअरचं पाणी घातलं तर क्षार जमून जाळ्या दगडासारख्या होतात, हवा येईनाशी होते. दर हंगामाला जाळ्या बदलाव्या लागतात. खोली बंद करून कूलर लावू नका. समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी हवी, नाहीतर नुसता दमटपणा. वरच्या मजल्यावर पश्चिमेची भिंत असलेलं घर शक्यतो टाळाच.

दुसरं, डेंग्यू. त्याचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्याचा डास व्हायला साधारण ८-१० दिवस लागतात, म्हणजे पाच दिवसांनी पिंप रिकामं केलं तर तो वाढणारच नाही. चूक होते ती अशी: जुनं पाणी तसंच ठेवून त्यावर नवं भरलं जातं. नुसतं ओतून देऊनही भागत नाही. अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात. काथ्यानं घासल्याशिवाय निघत नाहीत. हौदाचं झाकण घट्ट आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी, एवढं तरी कराच.

मुरारजी पेठ:
बादलीचा हिशेब मान्य. ‘प्रश्न मिटला’ हे माझं घाईचं बोलणं होतं. तरी मत बदलत नाही, कारण हे सगळं घर घेण्याआधी तपासता येतं. घर दाखवायला मालक दुपारी बोलावतो. तुम्ही पाणी सुटतं त्या वेळी जा, मग ते रात्री का असेना. बादली आणि घड्याळ घेऊन जा. हौदाचं माप स्वतः घ्या: ६ फूट लांब, ६ रुंद, ५ खोल म्हणजे साधारण ५,१०० लिटर. बोअर असेल तर तो मेमध्ये चालतो का, हे भाडेकरूला विचारा, मालकाला नको.

जुळे सोलापूर:
आणि ‘उजनी धरणाहून येणाऱ्या नव्या समांतर जलवाहिनीमुळे रोज पाणी’ असं कुणी म्हटलं तर त्यावर भाडेकरार करू नका. उजनीहून सुमारे ११० किलोमीटर पाणी आणणं वेगळं आणि ते गल्लीतल्या शेवटच्या नळाला दाबानं पोचणं वेगळं. त्यासाठी वाटेतल्या उंच टाक्या आणि आतल्या जुन्या लाइनीही सुधारायला लागतात. आज बादली किती सेकंदांत भरते, तेवढंच धरून चाला. माझं अजूनही म्हणणं आहे, लहान मूल घरात असेल आणि रात्री दोनला उठून पाणी भरायला एकच माणूस असेल, तर येऊ नये.