डायनिंगच्या जुन्या खुर्च्या घरीच नव्या केल्यात का? अनुभव सांगा

आमच्या जळगावच्या घरी सासऱ्यांनी घेतलेल्या सहा सागवानी खुर्च्या आहेत. लाकूड अजून टणक, पण बैठकीचं रेक्झिन तडकलेलं, आणि मे महिन्यात ते अंगाला चिकटायचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, घर भाऊबंदांनी भरतं, म्हणून आषाढातच कामाला लागले. खुर्ची उलटी केली तर खाली चारच स्क्रू. बैठक सुटून हातात आली. रेक्झिनखाली आधीचं एक कापड, त्याखाली भुगा झालेला फोम. फोम टाकला, कापड ठेवलं. मापाला तेच कामी येतं.

बैठक १८ इंच चौरस. फोम २ इंची, ४० डेन्सिटीचा, म्हणजे चांगला दाट, घेतला. चारी बाजूंना ४ इंच दुमड धरली की एका बैठकीला २६ इंच कापड लागतं. ५४ इंच पन्ह्यात शेजारी शेजारी दोन निघतात, त्यामुळे सहा खुर्च्यांना सव्वादोन मीटर पुरलं. पहिल्या खुर्चीला मी एका टोकाकडून सलग पिना मारत गेले आणि कापडावरच्या रेघा तिरप्या झाल्या. सगळं उपसलं. दुसऱ्यांदा चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारली, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे ताणत गेले, कोपऱ्याच्या चुण्या शेवटी. सासऱ्यांनी बसून पाहिलं नि म्हणाले, "आते बसाले बरं वाटस." मला फार बरं वाटलं.

तुमचं काम कुठे अडलं, ते लिहा.

धुळ्याहून
ताई, पन्ह्याचं लिहिलंत ते बरं केलंत. मी ४८ इंची कापड आणलं. दोन बैठका काढल्यावर दुमड ३ इंचच उरली. २ इंच फोमच्या जाडीत, अर्धा इंच प्लायवूडमध्ये. पिनेला धरायला अर्धाच इंच. दोन ठिकाणी कापड सुटलं. शेवटी फोम १ इंची करावा लागला.

भुसावळहून
आधी सांधे पाहा. वडील रेल्वेत, बदल्यांमध्ये आमच्या खुर्च्या ट्रकनं फिरल्या आणि पाय डुगडुगायला लागले. जुना सरस खरवडून फेविकॉल भरला, चारही पायांभोवती दोरी बांधली, दोरीत काडी घालून पीळ दिला आणि रात्रभर तशीच ठेवली. जमीन सपाट हवी, नाहीतर खुर्ची वाकडीच घट्ट होते. हे न करता नुसती गादी बदलणं मला पटत नाही.

अमळनेरजवळच्या खेड्यातून
आमच्याकडे घरचा कापूस. नुसता कापूस भरला तेव्हा काही महिन्यांत गोळे झाले. आता फोमवर पिंजलेल्या कापसाचा पातळ थर घालतो, त्यावर मांजरपाट ताणतो आणि मग वरचं कापड. कडा गोल दिसतात, तंतू बाहेर येत नाहीत.

नंदुरबारहून
शेवभाजीचा रस्सा सांडणाऱ्या घरात फिकं कापड नको. मी नाडीची सुती खोळ शिवली, काढून धुता येते.

चर्चा सुरू करणारी, जळगाव
नंदुरबारच्या ताई, नाडी बैठकीखाली बांधता की मागच्या पायांना? माझ्या दोन खुर्च्या अजून उरल्यात, त्यांना तशीच खोळ करून बघते.